अंश दिसतो, छेद दिसत नाही: साथीच्या काळात वैद्यकीय विद्यार्थी लसीला का कचरतात?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोविडची लस आली तेव्हा मी शाळेत होतो. आता सीनियर्सकडून ऐकतो की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी लस लगेच घेतली नव्हती. 'आधी इतरांना घेऊ दे' म्हणत काहींनी महिनेच्या महिने काढले. ज्यांना इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) शिकवली जाते तेच कचरत असतील तर बाकीच्यांना आम्ही काय सांगायचं? आणि पुढची साथ आली तर आमची बॅच वेगळी वागेल का?"

मी गेली पंचवीसेक वर्षं कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकवते. ज्या तासाला मागचे तीन बाक डुलक्या काढतात, तो विषय. लसींचे प्रकार, शीतसाखळी, दोन ते आठ अंश सेल्सिअस, कुठली लस गोठली तर फेकून द्यायची, हे सगळं मी दरवर्षी शिकवते आणि मुलं दरवर्षी पाठ करून लिहितात. "तू स्वतः ही लस घेशील का? का घेशील?" हा प्रश्न मात्र २०२१ उजाडेपर्यंत मी एकाही बॅचला विचारला नव्हता. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

"ज्यांना इम्युनॉलॉजी शिकवली जाते तेच" असं तू लिहिलं आहेस. यात एक गृहीतक आहे: भीती अज्ञानातून येते, तेव्हा शिकलेल्याला ती वाटायला नको. माझाही समज तोच होता. पण त्या दिवसांत जगभर ज्या पाहण्या झाल्या, त्यांतून वेगळंच दिसलं. अमेरिकेत मिशिगनमध्ये लस यायच्या आधी १६८ वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारलं गेलं. जवळजवळ सगळे लसींच्या बाजूचे होते, आपला या विषाणूशी संपर्क येण्याची शक्यता आहे हेही जवळजवळ सगळ्यांना मान्य होतं. तरी मान्यता मिळाल्या मिळाल्या लस घेणार नाही म्हणणारे २३ टक्के निघाले. युगांडात ६०० विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३७ टक्के लस घ्यायला तयार होते. इजिप्तमधल्या एका पाहणीत दोन हजारांवर विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं मन ठरत नव्हतं. भारतात हजारावर विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत साशंकांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. इटलीत तर आरोग्यशाखेचे विद्यार्थी आणि इतर शाखांचे विद्यार्थी यांच्यात म्हणण्यासारखा फरकच आढळला नाही.

अँटिबॉडीचा आकार सगळ्या देशांत इंग्रजी वाय अक्षरासारखाच शिकवतात. पुस्तकं सारखी असून उत्तरं इतकी वेगळी येत असतील, तर कारण पुस्तकाबाहेर शोधायला हवं.

या आकड्यांवर फार भार मात्र टाकू नकोस. त्या दोन वर्षांत गूगल फॉर्मचा नुसता पूर आला होता. व्हॉट्सॲपवर लिंक फिरायची, ज्याला वेळ आणि मत दोन्ही आहे तो भरायचा. शिवाय 'लस आली तर घ्याल का?' असं विचारणं वेगळं आणि दंडावर सुई टेकवून विचारणं वेगळं. कागदावर 'नाही' लिहिणारे कितीतरी जण पुढे रांगेत दिसले. 'हो' लिहिणारे काही जण दिसले नाहीत.

दुसरी गोष्ट, नकार आणि वाट पाहणं यांची एकत्र मोट बांधू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लसीबाबतच्या कचरण्याची जी व्याख्या केली, तिच्यातही लस उपलब्ध असताना ती घ्यायला उशीर करणं आणि ती नाकारणं, दोन्ही येतात. वर्गात मला भेटलेले बहुतेक पहिल्या प्रकारातले होते. कडवा विरोधक एखाददुसराच, आणि तो फार बोलत असल्यामुळे दहा जणांएवढा वाटायचा.

आता वैद्यकीय विद्यार्थ्याचा म्हणून जो खास पेच असतो, त्याकडे येते.

विद्यार्थी शिकतो मोठ्या रुग्णालयात. तिथे काय येतं? जे बिघडलंय ते. लस घेऊन दुसऱ्या दिवशी कामाला गेलेले लाखो लोक वॉर्डात दिसत नाहीत. लसीनंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेला एक पेशंट दिसतो, त्याच्याभोवती राउंडला वीस जण उभे राहतात, त्याच्यावर सेमिनार होतो. अपूर्णांकातला अंश डोळ्यांसमोर असतो आणि छेद रुग्णालयाच्या भिंतीबाहेर. सामान्य माणूस ऐकीव गोष्टीने घाबरतो, हा विद्यार्थी डोळ्यांनी पाहिलेल्या केसने घाबरतो. त्याला 'अफवेवर विश्वास ठेवू नकोस' म्हणून काय उपयोग? त्याने पाहिलेलं खरंच असतं, फक्त ते अपुरं असतं.

त्यात भर पडते ती अर्धवट शिकलेल्या आकडेमोडीची. एक किस्सा सांगते. तिसऱ्या वर्षाचा एक हुशार मुलगा कागद घेऊन आला. फायझरच्या चाचणीचे आकडे त्याने स्वतः मांडले होते: लस मिळालेल्या १८,१९८ जणांत ८ रुग्ण, प्लासिबो (लस नसलेलं नुसतं इंजेक्शन) मिळालेल्या १८,३२५ जणांत १६२. "मॅडम, लसीने धोका ९५ टक्के घटतो हा सापेक्ष, म्हणजे तुलनेतला, आकडा झाला. खरा फरक ०.८८ वजा ०.०४, म्हणजे ०.८४ टक्के. एवढ्यासाठी लस?" गणित अगदी बरोबर होतं. मीच शिकवलं होतं त्याला निरपेक्ष आणि सापेक्ष धोक्यातला फरक! चूक दुसरीकडे होती. तो ०.८४ टक्के फरक दोन-तीन महिन्यांतला होता, तोही घराबाहेर कमी पडणाऱ्या, मास्क लावणाऱ्या लोकांतला. साथ वर्षभर चालली, लाट आली, आणि तू कॅज्युअल्टीत ड्यूटीला असलास, की हाच आकडा कितीतरी पट वाढतो. सापेक्ष आकडा त्या मानाने स्थिर राहतो, निरपेक्ष आकडा साथीच्या जोरावर हलतो. हे त्याला सांगायला मला दहा मिनिटं लागली. त्याआधी आठवडाभर मी त्याला मनातल्या मनात 'लसविरोधक' म्हणत होते, याची मला लाज वाटते.

तीच गत 'आयसीयूत निम्म्याहून जास्त लस घेतलेलेच आहेत' या वाक्याची. समज, एका गावात हजार माणसं आहेत. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. लस घेतलेल्यांत शंभरी एकाला गंभीर आजार झाला, न घेतलेल्यांत शंभरी पाचांना. म्हणजे रुग्णालयात पोचले नऊ आणि पाच. चौदापैकी नऊ लस घेतलेले! लस पाचपट संरक्षण देते आहे आणि वॉर्डात उलटंच चित्र दिसतं आहे. हे उदाहरण मी हल्ली पहिल्याच तासाला फळ्यावर मांडते. कुजबुज सुरू झाल्याशिवाय राहत नाही.

वाट पाहणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं.

जानेवारी २०२० मध्ये विषाणूची जनुकीय मांडणी जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लस टोचायला सुरुवात झाली. त्याआधी झटपट लसीचं नेहमीचं उदाहरण गालगुंडाच्या लसीचं असायचं, आणि तिलासुद्धा चारेक वर्षं लागली होती. साहजिकच मुलांनी विचारलं: घाई झाली का? याचं उत्तर शांतपणे देता येतं. सार्स आणि मर्स या आधीच्या साथींमुळे कोरोनाविषाणूच्या काट्यावरचं प्रथिन आधीच अभ्यासलेलं होतं. शास्त्रज्ञ कारिको आणि वाइसमन यांचं एमआरएनएवरचं (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, फायझरची लस त्याचीच) मूळ काम २००५ मधलं, त्यावर त्यांना २०२३ मध्ये नोबेल मिळालं. चाचणीचे टप्पे एकामागून एक न करता एकमेकांवर चढवले. निकाल लागायच्या आधीच कारखाने सुरू केले, म्हणजे जोखीम पैशाची घेतली. आणि साथ इतकी जोरात होती की चाचणीला लागणारे रुग्ण वर्षांऐवजी महिन्यांत मिळाले. एवढं सांगितल्यावर बहुतेकांचं समाधान व्हायचं.

पण एक जण विचारायचाच: "मॅडम, रूल ऑफ थ्री?" हा नियम तुला अजून शिकवला नसेल. एखाद्या चाचणीत जितक्या जणांना लस दिली त्यांच्यात एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो शून्य आहे असं म्हणता येत नाही. तीनला त्या संख्येने भागलं की वरची मर्यादा मिळते. सुमारे २२,००० जणांना लस दिली असेल तर साधारण ७,००० मध्ये एक इतक्या दुर्मीळ गोष्टीपर्यंतच चाचणीची नजर पोचते. लाखात एक होणारी गोष्ट तिला दिसणारच नाही. आणि झालंही तसंच. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होण्याचे प्रकार मार्च २०२१ मध्ये युरोपात लक्षात आले. प्रमाण साधारण लाखात एक, तरुणांत थोडं जास्त. एप्रिलमध्ये ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना शक्यतो वेगळी लस द्यावी असं सुचवलं, मे महिन्यात ती मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. एमआरएनए लसीनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार दिसले ते मुख्यतः तरुण मुलांत, दुसऱ्या डोसनंतर. बहुतेक जण विश्रांतीने आणि साध्या उपचारांनी बरे झाले, तरी स्वीडन आणि फिनलंडने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तरुणांसाठी मॉडर्नाची (तीही एमआरएनए) लस थांबवली. हे वय कुणाचं? तुमचंच. विशीतल्या मुलाने 'माझ्या वयाला या लसीचा हिशेब कसा बसतो?' असं विचारणं हा आगाऊपणा नव्हे. तो सर्वांत रास्त प्रश्न होता, आणि आम्हा शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यावर 'लसी सुरक्षित आहेत' एवढं एकच वाक्य फेकलं.

लसींच्या इतिहासात चुका झालेल्या आहेत आणि त्या लपवून काही मिळत नाही. १९५५ मध्ये पोलिओच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेले. सुमारे २०० मुलांना कमीअधिक लुळेपणा आला, दहा जण दगावले. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. साथ आलीच नाही, पण लाखामागे साधारण एक जादा गियाँ-बारेचा (नसांवर आघात होऊन लुळेपणा आणणारा आजार) रुग्ण आला आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतल्या एका लसीनंतर फिनलंड-स्वीडनमध्ये मुलांना अवेळी झोपेचे झटके येण्याचा आजार वाढला, ते २०१० मध्ये उघड झालं. विद्यार्थ्यांना हे कधी ना कधी कळतंच. माझ्याकडून कळलं तर त्यासोबत छेदही कळतो आणि ही चूक पकडली कशी गेली तेही कळतं. यूट्यूबवर कळलं तर फक्त अंश.

मग थांबणाऱ्याला मी काय विचारते? "कशाची वाट पाहतोयस?" रागाने नाही, खरंच विचारते. कोणता आकडा, कुठल्या तारखेपर्यंत, किती जणांवरचा दिसला की तू लस घेशील? ज्याच्याकडे याचं उत्तर असतं तो शास्त्रज्ञासारखा थांबलेला असतो. "दोन महिने आणि वीस लाख डोस झाले की" असं एकीने सांगितलं होतं, आणि तेवढे झाल्यावर ती स्वतःहून आली. लसीचे गंभीर दुष्परिणाम सहसा पहिल्या सहा आठवड्यांत दिसतात, त्यामुळे तिची अट अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकी नियामकांनीही तातडीच्या परवानगीआधी निम्म्या लोकांचा तरी दोन महिन्यांचा पाठपुरावा मागितला होता, तो याच कारणासाठी. ज्याच्याकडे उत्तर नसतं, ज्याची वाट दर महिन्याला महिनाभर पुढे सरकते, त्याचं कारण आकड्यांत नसतंच. ते दुसरीकडे शोधावं लागतं. थांबण्यालाही किंमत असते, हे मात्र दोघांना सांगावं लागतं. लस घेण्याचा धोका घेतल्यासारखा वाटतो, न घेण्याचा धोका आपसूक आल्यासारखा वाटतो. वॉर्डात रोज फिरणाऱ्याला हा न घेण्याचा धोका काही लहान नसतो.

दुसरीकडे शोधण्याचं एक उदाहरण देते. एक मुलगा तास संपल्यावर थांबला. "सगळं पटलं मॅडम. तरी मी थोडा थांबतो." मी नेहमीप्रमाणे विचारलं, कशासाठी? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मावशीला लहानपणी ताप आला होता, कुणीतरी इंजेक्शन दिलं, आणि तिचा पाय गेला. घरात तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली जाते: सुईने पाय गेला. तो स्वतः आता जाणतो की तो बहुधा पोलिओच होता. "पण आई रोज फोनवर विचारते, घेतली नाहीस ना? तिला खोटं कसं सांगू?" त्याला इम्युनॉलॉजीचा आणखी एक तास देऊन काय होणार होतं? मी एवढंच विचारलं की आईशी मी बोललेलं चालेल का. बोलले. त्या माउलीने मला पोलिओविषयी एकही प्रश्न विचारला नाही. लस घेतल्यावर त्या रात्री त्याच्या खोलीत कोण असेल, हे विचारलं. तीनेक आठवड्यांनी त्याने लस घेतली. माझ्या फोनमुळे, की खोलीतल्या मित्राने घेतली म्हणून, मला आजही ठाऊक नाही.

माहिती दिली की मन बदलतं, यावर माझा विश्वास उडायला एक जुना अभ्यासही कारण आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत १,७५९ पालकांवर तो झाला. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझम होत नाही ही दुरुस्ती वाचून लोकांचा तो गैरसमज कमी झाला. पण जे आधीपासूनच सर्वांत नाराज होते त्यांचा मुलांना लस देण्याचा इरादा उलट आणखी ढिला पडला. विधान दुरुस्त झालं, माणूस दुखावला. म्हणून मी आता शून्य ते दहाचा प्रश्न वापरते. "लस घ्यायची तुझी तयारी दहापैकी किती?" समजा तो म्हणाला चार. मी 'आठ का नाही?' असं विचारत नाही. "चार का? एक का नाही?" असं विचारते. मग लस घेण्याची कारणं तोच सांगायला लागतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण माणूस सहसा खोडत नाही. ही मुलाखतीची पद्धत व्यसनमुक्तीच्या कामातून आली आहे. पुढे पेशंटसमोर तुला हीच लागेल, तेव्हा मित्रांवर सराव करायला हरकत नाही.

मुलींच्या बाबतीत आम्ही विशेष चुकलो. लसीनंतर पाळी पुढेमागे झाली असं कितीजणी सांगत होत्या, आणि स्टाफरूममध्ये त्यावर हशा पिकायचा: परीक्षेचा ताण, दुसरं काय! पुढे जवळपास ४,००० महिलांच्या ॲपवरच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा चक्र सरासरी एक दिवसाहून कमी लांबतं आणि पुन्हा जागेवर येतं असं दिसलं. म्हणजे मुलींचं निरीक्षण खरं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखंही काही नव्हतं. पण जानेवारीत हसल्यावर पुढच्या वर्षी 'घाबरू नका' म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? वंध्यत्वाच्या अफवेला जागा मिळाली ती त्या हसण्यामुळे, असं माझं मत आहे.

उलट बाजूही असते. चाचण्यांत ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्यापैकीही सुमारे ३५ टक्क्यांनी पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी केल्या होत्या. त्रास होईल या अपेक्षेनेच त्रास जाणवणं, नोसिबो म्हणतात याला. मेडिकलच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. जो आजार वाचतील तो त्यांना होतोच. पण हे 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' अशा सुरात सांगू नये. लसीआधी सांगावं, नंतर नाही.

आता एक चूक सांगते, ती माझीही आहे. मी ज्या संस्थेत तेव्हा होते तिथे लस न घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावं फलकावर लावली गेली. मी विरोध केला नाही. मला वाटलं, लाजेकाजेस्तव घेतील. त्या यादीत एकाला ॲलर्जीचा इतिहास होता, एकजण नुकताच कोविडमधून उठला होता, एकीला घरून दम होता, दोघं गावी अडकले होते, आणि एखादा खरोखर विरोधात होता. यादी लागली त्या दिवसापर्यंत ही मुलं एकमेकांना धड ओळखतही नव्हती. यादीने त्यांचा गट केला. चार दिवसांत त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि त्या ग्रुपवर सर्वांत जास्त कोण लिहायचं, ते तू ओळखशीलच.

आणि काही कारणं इतकी साधी होती की आम्हाला सुचलीच नाहीत. विद्यार्थ्यांचं लसीकरण बुधवारी सकाळी अकराला ठेवलं होतं, ऐन पोस्टिंगच्या वेळेत. गुरुवारी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. लसीनंतर दुसऱ्या दिवशी ताप येतो हे सगळ्यांना माहीत. कोण येणार? आम्ही त्यावर 'विद्यार्थ्यांतील लसविषयक उदासीनता' अशी चर्चा करत बसलो होतो. मग एका क्लार्कने सुचवलं म्हणून शनिवारी दुपारी सत्र ठेवलं, आणि रांग लागली.

विद्यार्थ्यांची अवस्थाही नीट ध्यानात घ्यायला हवी. कामाला लावताना ते डॉक्टर असतात आणि वाटप करताना विद्यार्थी. मार्च २०२० मध्ये कितीतरी देशांत त्यांना वॉर्डातून बाहेर काढलं. त्याच सुमारास इटलीत अंतिम परीक्षा माफ करून सुमारे १०,००० जणांना लवकर डॉक्टर केलं. डिसेंबरात अमेरिकेतल्या एका नामांकित रुग्णालयात पहिल्या ५,००० डोसांची यादी निघाली, तेव्हा तेराशेहून जास्त निवासी डॉक्टरांपैकी तिच्यात सातच जण होते. ज्याला मास्क देताना विसरलात, त्याला लस देताना 'ही तुझी जबाबदारी आहे' म्हटलं तर तो मान वर करून बघणारच.

सक्तीबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढे विचारशीलच. माझं मत असं की सक्ती शेवटी यावी, आणि ती रुग्णाशी संबंध येणाऱ्या कामापुरती यावी. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या प्रसूतितज्ज्ञाला आपल्या मित्राच्या मृत्यूतून उलगडा झाला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याला लागली होती. त्यावरून कळलं की शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थीच हातांवरून मरण आणत होते. त्यानंतर हात धुणं ही कुणाची खासगी आवड राहिली नाही. पण कोविडच्या लसीबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. 'घेतलीत की तुमच्यापासून इतरांना लागण होणार नाही' असं ठासून सांगितलं गेलं. मूळ चाचण्यांनी संक्रमण मोजलंच नव्हतं, आणि ओमायक्रॉन आल्यावर ते विधान उघडं पडलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण टिकलं, पण तोवर विद्यार्थ्यांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं होतं. त्या वाक्यावर उभी केलेली सक्ती मग डळमळली. नुसत्या सक्तीने सुई टोचायला दंड तेवढा पुढे होतो. पुढे हजारो पेशंटना लस समजावून सांगणारा माणूस हवा असेल, तर त्याच्याशी बोलावंच लागतं.

पुढच्या वेळी माझ्या हातात असेल तर मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लसीकरणानंतरच्या त्रासाच्या नोंदवहीवर बसवीन. अर्धा तास थांबलेल्या प्रत्येकाला विचारायचं, लिहायचं, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करायचा. पाचशे फोन केले की छेद म्हणजे काय ते हातात येतं. शेजारी ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) भरून ठेवलेलं असेल, आणि ते कुणाला द्यावं लागलं का हेही त्यांनीच लिहायचं. एमआरएनए लसीनंतर तीव्र ॲलर्जीचं प्रमाण दहा लाख डोसांमागे साधारण पाच होतं. हे वाचणं आणि महिनाभर त्या भरलेल्या सिरिंजकडे पाहत बसणं यात फार फरक आहे.

तुमची बॅच वेगळी वागेल का? त्यासाठी साथीची वाट पाहायची गरज नाही. हिपॅटायटिस बीची लस आठव. बाधित रुग्णाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची ०.३ टक्के. ही लस १९८१ पासून आहे. सुरुवातीला ती रक्तद्रवापासून बनायची, तेव्हा तिच्यातून एड्स होईल या भीतीने डॉक्टर-नर्सच ती टाळत होते. आता ती भीती उरली नाही, रक्ताशिवाय प्रयोगशाळेत बनणारी रिकॉम्बिनंट लस येऊनही जमाना झाला. तर तुझ्या वर्गात विचार: शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तिन्ही डोस किती जणांचे पूर्ण झालेत? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) किती जणांनी तपासलाय, आणि तो मिलिलिटरला १० मिलि-युनिटच्या वर आहे हे किती जणांना माहीत आहे? ज्यांचे डोस राहिलेत त्यांना कारण विचार. फॉर्म पाठवू नकोस, समोर बसून विचार. मग मला लिही.